पाणी काढले, पुढे काय?

बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला 'सस्पेन्स' हा शब्द ऐकला की रहस्यकथा आठवत नाही. सहामाही क्लोजिंगची रात्र आठवते. सस्पेन्स खाते म्हणजे जी रक्कम कुठून आली, कशापोटी आली हे कळत नाही ती तात्पुरती ठेवण्याची जागा. क्लोजिंगच्या आधी तिचा उगम शोधावा आणि ती योग्य खात्याला टाकावी, असा नियम. पण रात्रीचे दोन वाजलेले असत, वरून हेड ऑफिसचा तगादा असे, आणि मग एखादा हुशार अधिकारी ती नोंद या खात्यातून त्या खात्यात सरकवून सस्पेन्स 'निल' करून टाकी. ताळेबंद जुळे. सगळे चहा पिऊन घरी जात. पुढच्या सहामाहीला तीच रक्कम वेगळे नाव घेऊन पुन्हा समोर उभी राही.

आज हे आठवण्याचे कारण बँकेचे नाही, छातीतल्या पाण्याचे आहे. 'त्यांच्या छातीत पाणी झालं होतं, काढलं, आता बरे आहेत' हे वाक्य आपण सर्वांनी आयुष्यात कधी ना कधी ऐकले आहे. मी ते पहिल्यांदा १९८८ साली ऐकले, आणि ऐकून सोडून दिले.

तालुक्याच्या गावी आमची शाखा होती आणि मी तिथे अकाउंटंट होतो. शाखेतल्या शिपायाला लहानथोर सगळे 'मामा' म्हणत. चाळिशी ओलांडलेला, उंच, हाडापेराने मजबूत, पण वर्षभरात खांद्यातून वाकलेला माणूस. लेजरचे गठ्ठे उचलताना त्याला धाप लागे. एकदा तो आठवडाभर रजेवर गेला आणि परत आला तो हातात बिल घेऊन. "छातीत पानी झालतं सायेब. डाक्टरनी लिटरभर काढलं. आता हलकं वाटतंय." त्याच्या वैद्यकीय बिलाची बेरीज मी तपासली, पावत्या मोजल्या, शिफारस लिहिली आणि ते पुढे पाठवले. चार महिन्यांनी दुसरे बिल आले, त्यानंतर सहा महिन्यांनी तिसरे. तिन्हींवर कारण एकच होते: छातीतील पाणी काढणे. तिन्हींवर सही माझीच होती. बेरजेत एक रुपयाची चूक असती तर मी बिल परत पाठवले असते. एका माणसाच्या छातीत तीनदा पाणी का साठते, हे विचारण्यासाठी त्या छापील फॉर्ममध्ये रकाना नव्हता, आणि माझ्या डोक्यातही नव्हता.

१९९१ च्या पावसाळ्यात मामाला खोकल्यातून रक्त पडू लागले. थुंकी तपासली तेव्हा क्षयरोग निघाला. दोन्ही फुफ्फुसे पोखरली गेली होती. दिवाळीच्या आत तो गेला.

जमा आणि नावे

मुळात हे पाणी असते कुठे? आपण सर्रास 'फुफ्फुसात पाणी' म्हणतो, पण बहुतेक वेळा ते फुफ्फुसात नसते, फुफ्फुसाभोवती असते. फुफ्फुसाच्या आत पाणी भरणे हा वेगळा प्रकार आहे. तो बहुधा हृदयाच्या झटक्यानंतर किंवा हृदय अचानक दमल्याने होतो आणि तासाभराची ढिलाई त्यात जिवावर बेतू शकते. आपण बोलत आहोत ते फुफ्फुसावरणातल्या पाण्याबद्दल. फुफ्फुसाला दोन पातळ पदर असतात: एक फुफ्फुसाला चिकटलेला, दुसरा छातीच्या पिंजऱ्याला आतून अस्तरासारखा लागलेला. श्वास घेताना हे दोन पदर एकमेकांवरून सरकावेत म्हणून त्यांच्यामध्ये ओलावा असतो. निरोगी माणसात हा ओलावा जेमतेम चमचा-दोन चमचे.

पण तो साचलेला नसतो, चालता असतो. रक्तवाहिन्यांतून थोडा द्रव सतत पाझरत असतो आणि बाहेरच्या अस्तरातल्या बारीक लसिकावाहिन्या तो शोषून घेत असतात. एका बाजूने जमा, दुसऱ्या बाजूने नावे, आणि शिल्लक कायम तेवढीच. पाणी साठते याचा अर्थ जमा वाढली किंवा खर्चाची वाट बुजली. ते का झाले, याची कारणे पन्नासाहून अधिक आहेत, आणि त्यातली पुष्कळशी छातीबाहेरची आहेत.

हृदय दुबळे झाले की मागे रक्ताचा दाब वाढतो आणि पाझर वाढतो. यकृत आकसले की पोटात पाणी होते आणि ते पडद्याच्या बारीक छिद्रांतून वर, बहुधा उजव्या छातीत, चढते. मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जाऊ लागली की रक्ताची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते. या सगळ्यांत फुफ्फुसावरणाचा दोष काही नसतो. ते बिचारे दुसऱ्याचे कर्ज फेडत असते. याउलट न्यूमोनिया, क्षयरोग आणि कर्करोग यांत आवरणालाच सूज येते, त्याच्या भिंती झिरपू लागतात आणि प्रथिनांनी भरलेले दाट पाणी जमते. डेंग्यूच्या तापातही रक्तवाहिन्या पाझरून छातीत पाणी होते. ते बहुधा ताप उतरल्यावर काही दिवसांत आपोआप शोषले जाते, त्याला सुई लावायला सहसा कोणी जात नाही.

म्हणजे बघा, एक्स-रेवर दिसणारा पांढरा डाग सगळ्यांचा सारखाच. पण एकाला लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि हृदयाचे औषध हवे, दुसऱ्याला सहा महिन्यांची क्षयाची औषधे हवीत, तिसऱ्याला कर्करोगतज्ज्ञ हवा आणि चौथ्याला नुसते लक्ष ठेवणे पुरेसे आहे. न्यूमोनियानंतर त्या पाण्याचा पू झाला असेल तर मात्र थांबायला वेळ नसतो. तिथे बरगड्यांमधून नळी घालून तो बाहेर काढावाच लागतो, नुसत्या प्रतिजैविकांनी भागत नाही.

पिंप वाजवणारा मुलगा

हे पाणी ओळखण्याची धडपड फार जुनी आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेत रोग्याचे खांदे धरून त्याला हलवत आणि छातीला कान लावून आत काही डुचमळते का ते ऐकत. अठराव्या शतकात ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी एका खानावळवाल्याचा मुलगा होता, लिओपोल्ड आउएनब्रुगर. पिंपात दारू किती उरली हे वाजवून ओळखण्याची पद्धत त्याने घरच्या तळघरात पाहिली होती, असे सांगतात. आपल्याकडेही पाण्याचे पिंप कुठपर्यंत भरले आहे हे बाया टिचकी मारून सांगतात, तसेच. पुढे डॉक्टर झाल्यावर त्याने तीच टिचकी माणसाच्या छातीवर मारली. हवा भरलेली छाती पोकळ वाजते; पाण्यावरची छाती दगडासारखी बद्द. त्याचे पुस्तक १७६१ साली आले आणि त्या काळच्या वैद्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १८१६ साली फ्रान्सच्या लेनेकने कागदाची सुरळी छातीला लावून स्टेथस्कोपचा जन्म घडवला, आणि छातीचे आवाज जगाला समजावून सांगणारा हा माणूस १८२६ साली स्वतः क्षयाने गेला.

आज टिचकीच्या जोडीला एक्स-रे आहे. पण उभ्याने काढलेल्या साध्या एक्स-रेत पाणी नीट दिसायला ते साधारण दोनशे मिलिलिटर तरी व्हावे लागते. सोनोग्राफीत त्याहून कितीतरी कमी दिसते आणि सुई नेमकी कुठे घालायची तेही कळते. पण पाणी आहे हे कळणे ही अर्धीच गोष्ट. ते कोणत्या जातीचे, हे कळायला थोडे बाहेर काढून तपासावे लागते. १९७२ साली रिचर्ड लाइट या अमेरिकी डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याची सोपी कसोटी घालून दिली: छातीतल्या पाण्यातले प्रथिन आणि एलडीएच नावाचे द्रव्य मोजा, त्याच दिवशीच्या रक्तातल्या प्रमाणाशी ताडून पाहा. प्रथिन रक्ताच्या निम्म्याहून जास्त भरले तर दोष बहुधा आवरणात आहे. कमी भरले तर हृदय, यकृत, मूत्रपिंडाकडे बघा. पन्नास वर्षे उलटली, तरी जगभर डॉक्टर आजही पहिल्यांदा हीच बेरीज मांडतात. कसोटी साधी आणि स्वस्त आहे. तालुक्याच्या गावीही होऊ शकते. अट एकच: काढलेले पाणी मोरीत ओतून न देता प्रयोगशाळेत पाठवले पाहिजे.

मामाचे पाणी कुठे गेले, हे मला आजही माहीत नाही.

घरातली गोष्ट

हे सगळे ज्ञान मला कादंबरीसाठी अभ्यास करताना मिळाले असे सांगायला आवडले असते. तसे नाही. ते मला २०२३ साली माझ्याच घरात मिळाले. पावसाळ्यात सौ.ला संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. डाव्या कुशीत दुखे. ते दुखणे कमी झाले तेव्हा आम्हाला बरे वाटले. प्रत्यक्षात दोन पदर एकमेकांवर घासत होते ते मध्ये पाणी आल्याने सुटे झाले होते, एवढाच त्याचा अर्थ होता. दोन जिने चढून आली की ती चौरंगावर बसून राही. वजन पाच किलोने उतरले. 'हवाच खराब आहे' असे म्हणण्यात तीन आठवडे गेले. मग एक्स-रे निघाला: डावी छाती अर्ध्यापर्यंत पांढरी.

तिला टेबलावर उशी ठेवून पुढे ओणवे बसवले, पाठीची जागा बधिर केली आणि सुई घातली. बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि नस असते, म्हणून सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घालतात, हे त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी काम करता करता मला सांगितले. गवताच्या काडीच्या रंगाचे, सातशे मिलिलिटर पाणी निघाले. एका वेळी दीड लिटरपेक्षा जास्त सहसा काढत नाहीत. फार दिवस दबलेले फुफ्फुस एकदम फुगले तर त्यालाच सूज येण्याचा धोका असतो. सौ.ने मोठा श्वास घेतला आणि हसली. मी म्हणालो, "चला, सुटलो." डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या, "काका, पाणी काढल्यानं बरं वाटतं. बरं होत नाही."

मामाची तीन बिले त्या क्षणी पस्तीस वर्षे ओलांडून माझ्यासमोर आली.

तपासणीत लिम्फोसाइट या पेशी भरपूर निघाल्या, एडीए नावाचे द्रव्य बरेच वाढलेले निघाले. क्षयरोग. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. फुफ्फुसावरणाच्या क्षयात पाण्यात जंतू फारच थोडे असतात. जंतूच्या प्रथिनांविरुद्ध शरीराने केलेल्या आकांडतांडवातून ते पाणी साठते. म्हणूनच थुंकी बहुधा निर्दोष येते, पाण्यातही जंतू पुष्कळदा सापडत नाही, आणि जनुकीय चाचणीसुद्धा फसू शकते. आमच्यासारख्या, क्षय पावलोपावली असलेल्या देशात डॉक्टरांना रंग, पेशी, एडीए, वजन, ताप असे सगळे पुरावे एकत्र मांडून निकाल द्यावा लागतो. गरज पडली तर दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढून तपासावा लागतो.

आणि याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट. या क्षयातले पाणी औषध न घेताही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुष्कळदा आपोआप ओसरते. ताप जातो, भूक लागते, माणूस कामाला लागतो. १९५५ साली अमेरिकी लष्करातल्या अशा १४१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या छातीतले पाणी क्षयाचे औषध न देता ओसरले होते. त्यांतल्या सुमारे ६५ टक्के लोकांना पुढच्या काही वर्षांत शरीरात कुठे ना कुठे उघड क्षयरोग झाला. पाणी गेले, रोग दबा धरून बसला. मामाच्या तीन बिलांची आणि चौथ्या, न आलेल्या बिलाची ही पूर्ण हकिकत आहे.

सौ.ला सहा महिने औषधे चालली. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. सरकारी केंद्रातून, फुकट. लघवी केशरी होते तेव्हा घाबरायचे नसते, पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनाशा झाल्या किंवा नजर अंधुक वाटली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. ताप दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उतरला. खरी परीक्षा तिथून पुढे असते, कारण बरे वाटणारा माणूस गोळ्या खायला कंटाळतो.

परीक्षा माझीही झाली, आणि मी नापास झालो. सोसायटीत, नातेवाइकांत मी 'न्यूमोनियातून उठलीय' असे सांगत सुटलो. आमच्या घरात क्षय? दोन वेळ वरण-भात-पोळी-भाजी खाणाऱ्या घरात? एका संध्याकाळी फोनवरचे माझे हे खोटे ऐकून ती आतून म्हणाली, "अहो, एवढं काय लपवताय? चोरी केलीय का मी?" १८८७ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या, हे आपण शाळेच्या पुस्तकात अभिमानाने आणि हळहळीने वाचतो, तोच रोग घरात आला की दार लावून घेतो. नुसत्या फुफ्फुसावरणाचा क्षय, थुंकीत जंतू नसेल तर, दुसऱ्याला लागण्याचा धोका फारच कमी असतो. तरी मी नातवाला महिनाभर घरी येऊ दिले नव्हते. आमच्या सर्वांची तपासणी करून घ्या असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. तेवढे केले असते तर ते पुरेसे होते.

उलट बाजूची चूकही सांगितली पाहिजे. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या एका मित्राला छातीत पाणी होताच, पुरती तपासणी न करता, 'आपल्याकडे क्षयच असतो' म्हणून औषधे सुरू झाली. पाणी पुन्हा पुन्हा, तांबूस रंगाचे, भरत राहिले. चार महिन्यांनी पेशींची तपासणी झाली तेव्हा कर्करोग निघाला. कर्करोगात वारंवार भरणारे पाणी थांबवण्यासाठी दोन पदरांमध्ये शुद्ध केलेली टाल्क पूड घालून ते एकमेकांना चिकटवतात, किंवा घरीच पाणी काढता येईल अशी मऊ नळी बसवतात. शेवटचे महिने तरी माणसाला आडवे होऊन झोपता येते. माझ्या मित्राला ते महिने खुर्चीत बसून काढावे लागले. कारण न विचारणे ही एक चूक. कारण गृहीत धरणे ही तिचीच धाकटी बहीण.

देशाची छाती

आता घरातून थोडे बाहेर पडू. मार्च २०१८ मध्ये दिल्लीत जाहीर झाले की जगाने २०३० साठी ठरवलेले क्षयनिर्मूलनाचे उद्दिष्ट भारत पाच वर्षे आधी, २०२५ सालीच गाठेल. उद्दिष्ट असे होते की २०१५ च्या तुलनेत नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटावे. २०१५ साली हे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे २३७ होते. म्हणजे ते पन्नाशीच्या आत यायला हवे होते. २०२५ साल सरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ सालचा आकडा १८७ आहे. घट २१ टक्के. मृत्यूंचे प्रमाण लाखामागे २८ वरून २१ वर आले. जगातल्या नव्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा आजही आपला आहे.

या आकड्यांकडे पाहून नुसती नाके मुरडणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. याच काळात जगाची सरासरी घट १२ टक्क्यांच्या आसपास आहे. आपण जगापेक्षा वेगाने उतरलो. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. निदानाची यंत्रे तालुक्यापर्यंत गेली. डिसेंबर २०२४ मध्ये शंभर दिवसांची मोहीम काढून घरोघरी रुग्ण शोधले गेले. आणि त्याच २०२४ च्या पूर्वार्धात अनेक राज्यांतून औषधांच्या तुटवड्याच्या तक्रारी आल्या, राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगावे लागले. सहा महिने एक दिवसही चुकवू नका असे रुग्णाला बजावणाऱ्या व्यवस्थेने स्वतः खाडा करावा, हे शोभणारे नव्हते.

पण माझा मुद्दा याच्याही मागचा आहे. रुग्ण शोधणे, औषध देणे, आकडा खाली आणणे हे सगळे आवश्यक आहे. पण ते पाणी काढणे झाले. पाणी येते कुठून?

याचे उत्तर शोधताना आपल्याच देशातल्या दोन संशोधनांपाशी थांबावे लागते. पहिले मद्रासचे, १९५९ साली प्रसिद्ध झालेले. तोपर्यंत क्षय म्हणजे सॅनेटोरियम, थंड हवा, दूध-अंडी आणि वर्षानुवर्षे विश्रांती. मद्रासच्या संशोधकांनी दाखवून दिले की झोपडीत राहणारा, निकृष्ट अन्न खाणारा रुग्णही नियमित औषधांनी सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो, आणि घरच्यांना लागण त्यामुळे वाढत नाही. या एका अभ्यासाने जगातली सॅनेटोरियमे ओस पडली आणि गरिबाला उपचार मिळाले. ते ऋण मोठे आहे. पण त्यातून असाही अर्थ काढला गेला की औषध असले म्हणजे अन्नाचा प्रश्न गौण आहे. पुढची कित्येक दशके क्षयाच्या कार्यक्रमात गोळी होती, भाकरी नव्हती.

दुसरे संशोधन झारखंडमधले, ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतली १०,३४५ माणसे निवडली. सगळ्या रुग्णांना शिधा दिला. पण निम्म्या गटात घरच्यांनाही तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी. आणि ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. लस नाही, नवे औषध नाही. डाळ-भात.

मद्रासने सांगितले ते खोटे नव्हते. झालेला क्षय गोळीने बरा होतो. पण क्षय कोणाला होतो, हे पुष्कळदा ताट ठरवते. मधुमेह, दारू, तंबाखू, एचआयव्ही, कोंदट खोल्या हीही कारणे आहेतच, आणि आमच्यासारख्या पोटभर खाणाऱ्या घरालाही जंतू सोडत नाही. पण आपल्या देशात या यादीत अर्धपोटी शरीराचा नंबर फार वर लागतो. सरकारनेही हे मान्य केलेले दिसते. एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. २०२२ पासून 'निक्षय मित्र' होऊन कोणीही रुग्णाला शिधा देऊ शकतो. हे चांगले आहे, पण तो शिधा दात्याच्या मर्जीवर का असावा? आणि हजार रुपयांत एका आजारी माणसाची डाळ, दूध, अंडी बसवायची तर घरातल्या बाकीच्या ताटांचे काय? आई आजारी असताना पोराच्या ताटातले अंडे ओढून घेऊन स्वतः खाईल, असे घर मी तरी पाहिलेले नाही. झारखंडचा धडा घरासाठी होता, एकट्या रुग्णासाठी नव्हता.

तीन प्रश्न

वाचकांनी सरकारला काय विचारावे ते वाचक जाणतात. पण स्वतःच्या घरात विचारायचे तीन प्रश्न मी इथे लिहून ठेवतो, कारण ते मला १९८८ साली कोणी सांगितले नव्हते. छातीत पाणी झाले असे कळले की पहिला प्रश्न: काढलेले पाणी तपासायला गेले का, आणि ते कोणत्या जातीचे निघाले? दुसरा: मूळ कारण काय, आणि ते गृहीत धरले आहे की पुराव्याने ठरले आहे? तिसरा: त्या कारणाचा इलाज कोण करणार, किती दिवस, आणि पुढचा एक्स-रे कधी? ज्ञात हृदयविकाराच्या रुग्णाला दोन्ही बाजूंना थोडे पाणी झाले तर डॉक्टर कदाचित सुई न लावता आधी औषध देऊन पाहतील. तेही योग्यच असते. पण कारण त्यांनी तुम्हाला सांगायला हवे. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाचा राग चांगल्या डॉक्टरला येत नाही.

सौ. आता ठीक आहे. डाव्या कुशीत आवरणाचा पदर थोडा जाड राहिला आहे, थंडीत तिथे ओढल्यासारखे होते. सोसायटीच्या हळदीकुंकवाला तिने स्वतःच सगळ्यांना सांगून टाकले, "मला टीबी झाला होता, सहा महिने गोळ्या खाल्ल्या." त्यानंतरच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी संध्याकाळच्या तिच्या फिरण्याच्या वेळी मुद्दाम गाठून विचारून गेल्या, त्यांच्या भावाला कुठे दाखवायचे ते.

परवा एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि शेवटी तो म्हणाला, "अरे हो, मेव्हण्याच्या छातीत पाणी झालं होतं. काढलं. आता एकदम बरे आहेत." मी विचारले, "कशाचं होतं?"

पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "विचारतो."